राहू द्या

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, धुरावलेल्या हॅडॉकच्या वासात
आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस होतं, जिन्यासकट दीड खोली.
त्यातली अर्धी मिसेस स्क्रिमशॉंची.
मुद्रितं तपासायच्या. लाल पेन्सिल, बाहीत खोचलेला रुमाल,
आणि माझ्या जन्माआधीपासून साठवलेला
माझ्यावरचा राग.

पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं :
चांभाराच्या दुकानात मध्यरात्री रॉबरी.
चष्म्यावरून पाहिलं त्यांनी.
"आत कोण होतं?"
कुणीच नाही.
"मग धाक कुणाला दाखवला? बुटांना?
परक्या घरात चोरपावलांनी शिरला, ती बर्गलरी.
रॉबरीला समोर माणूस लागतो, पोरा.
घाबरणारा."

टेरी डाउस सुटला, जाळी चोरल्याच्या खटल्यातून.
मी लिहिलं, कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं.
"कोर्ट कुणाला निर्दोष ठरवत नाही.
दोष सिद्ध झाला नाही, एवढंच म्हणतं.
निष्पाप आहे का ते त्याच्या आईला विचार."
मी गेलो नाही. टेरीची आई आमच्याच गल्लीत राहायची,
आणि जाळी माझ्या काकाची होती.

स्मोकहाऊसची मालकीण मॉल्टबी, ऐंशीची, ठणठणीत.
तिच्या पुतण्याला मी वारस म्हटलं,
तर रेघ इतकी दाबून मारली की कागद फाटला.
"जिवंत माणसाला वारस नसतो.
नुसते वाट पाहणारे असतात."

मग नोव्हेंबरात त्यांचंच घर.
त्या लाउथला, बहिणीकडे गेलेल्या.
स्वयंपाकघराची खिडकी. बिस्किटांच्या डब्यातले चाळीस पौंड,
रेडिओ, आणि फोनचं आन्सरिंग मशीन.
त्यातल्या टेपवर क्लेम, त्यांचा नवरा, जाऊन तीन वर्षं झालेला,
अजून सांगायचा :
आम्ही बाहेर गेलो आहोत, निरोप ठेवा.
पोलिसांच्या यादीत टेपपुढे किंमतीचा रकाना.
त्यात एक आडवी रेघ.

बातमी चार ओळींची, मीच लिहिली.
बर्गलरी. दोनदा शब्दकोश पाहून.
मुद्रित त्यांच्याच टेबलावर गेलं,
दुसरं टेबल नव्हतं.

बराच वेळ पेन्सिल हलली नाही.
मग बर्गलरीवर रेघ.
समासात, बारीक अक्षरात : रॉबरी.
छापखान्याचा माणूस दारात ताटकळलेला. मी गप्प.
स्वतःचं अक्षर त्यांनी वाचलं, परक्याचं वाचावं तसं.
"मी घरी नव्हते," म्हणाल्या.
मला नाही. कागदाला.
समासातलं खोडलं, आणि आधी खोडलेल्या शब्दाखाली
एकेक टिंब देत गेल्या
शेवटच्या अक्षरापर्यंत.
आमच्या धंद्यात त्या टिंबांचा अर्थ एवढाच :
खोडलं आहे, तरी राहू द्या.

ते मुद्रित मी परत दिलं नाही.
हिला चोरी म्हणायचं की अपहार,
हे त्यांनाच विचारायला हवं होतं.

परवा आमचा संघ शेवटच्या मिनिटाला, पेनल्टीवर हरला.
पबमध्ये जो तो ओरडत होता,
लुटलं आपल्याला, भरदिवसा लुटलं!
शस्त्र नाही, धमकी नाही,
नुसता एक शिट्टीवाला.
पण माणसं समोर होती. सगळी.
घरी कुणीच नव्हतं.
मी कुणाची चूक काढली नाही.
ग्लासाखालच्या ओल्या पुठ्ठ्यावर टिंबं देत बसलो,
पेन्सिल उमटत नव्हती.