प्रॉम्प्टरचा अर्ज

अर्जात व्यवसायाचा रकाना होता.
खुशालनं पेन थांबवला.
"काय लिहू, बाबा? शेती?"
म्हटलं, प्रॉम्प्टर लिही.
एकेचाळीस हंगाम, मंडईपासून होळीपर्यंत,
विंगेत पोत्यावर बसून, बॅटरी दातात धरून
लोकांच्या तोंडात शब्द घातले.
खलनायकाला त्याची शिवी,
नायिकेला हुंदक्याची जागा,
आणि एकदा, पिऊन आलेल्या राजाला
त्याचं स्वतःचं नाव.

आता सकाळी जी बाई चहा घेऊन येते
तिच्याकडे मी बघत राहतो,
विंगेतून कोणी सांगेल म्हणून.
संवाद सगळे जागेवर आहेत.
ज्या कंपन्यांचे तंबूसुद्धा फाटून गेले
त्यांचेही तिन्ही अंक.
हिचं नाव तेवढं नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी
डोक्याचा फोटो उजेडावर धरला.
धान कापून नेलेली बांधी दिसली मला,
मधेमधे साचलेलं पाणी.
म्हटलं, मेल्यावर ठेवून घ्या,
वही कुठल्या पानावर फाटली
ते तरी कळेल कोणाला.

मग घरी बसून ठरवलं.
फोन खुशालनं करायचा, रडायच्या आधी.
मनिराम ढिवर बर्फ देईल,
मासोळ्या काढून, पेटी दोनदा धुऊन;
तो डोक्याभोवती लावायचा.
सहा तासांत पोचायला पाहिजे.
चुलबंदच्या पुलावरून पाणी चाललं असलं तर?
मनिराम म्हणाला, डोंगा हाय ना.
मेंदू काढून घेतला की
उरलेला मी परत येईन सरणासाठी.

ती तेवढा वेळ चुलीपाशी गप्प होती.
मग म्हणाली,
"कवटी फुटल्याबिगर जीव सुटत नाही म्हनतेत.
मंग सरनावर फुटंल का?"
मला उत्तर येत होतं.
पण ते कुठल्यातरी नाटकातलं होतं,
दुसऱ्या अंकातलं, टाळ्यांचं.
बोललो नाही.

संध्याकाळी तिनं लुगड्याला हात पुसले,
साक्षीदाराच्या रकान्याखाली बोट ठेवलं
आणि सही केली,
एकेक अक्षर पेरत,
प्रौढांच्या वर्गात शिकली होती तशी:
भा ग र था.

मी वाकून वाचलं.
पहिल्या रांगेलाही ऐकू जाऊ नये
एवढ्या आवाजात म्हटलं.

"का म्हनलं जी?"

खुशालनं पान उलटलं.
पुढचा रकाना रक्तगटाचा होता.