खाजण

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला,
जिथे पाम बीचचे दिवे थेट डोळ्यात शिरत नाहीत,
तिथे मी दुर्बीण मांडते.
नळी पीव्हीसीची, आरसा आठ इंची.
रबाळ्याच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं
दुसऱ्यांच्या काचा तपासल्यावर
ही एक स्वतःसाठी घासली,
सव्वा वर्ष, स्वयंपाकघराच्या ओट्यावर.
बहीण म्हणायची, पोळीत कचकच लागते गं.

होळीला पंधरा दिवस. चंद्र नाही.
सोसायटीने फळ्यावर लिहिलं: गच्चीवर ग्रहदर्शन.
मी ग्रह म्हटलं नव्हतं.
सेक्रेटरी दाभाडकर आले, मागून चौदा माणसं,
चार मुलं, एक थर्मास.
नळी मी सिंहेच्या पोटाखाली वळवली,
मघा आणि उत्तरेच्या मधे, जिथे नुसत्या डोळ्यांना
नेरूळचं भगवट आकाश सोडून काही नाही.

"हा तर डाग आहे," दाभाडकर म्हणाले.
"काच पुसून घ्या," मिसेस पणिक्कर.
मुलीने विचारलं, याचे रंग कुठे गेले?

संपले. निळे तारे उधळे असतात, लवकर जातात.
हा लंबगोल, जुना. वायू जवळपास नाही, धूळ नावाला,
नवा तारा जन्मणं केव्हाच थांबलंय.
उरलेत ते पिवळे, जपून जळणारे,
एकमेकांच्या मधून जातात
आणि कोणी कोणाला लागत नाही.
शेजारी आहेत. एक अगदी खेटून,
दोन चक्राकार जरा पुढच्या गल्लीत,
त्यांच्याकडे अजून बारशी होतात.

हे सगळं मी बोलले तोवर
थर्मास संपला होता.
लिफ्ट तीनदा खाली गेली.

उरले जोमा घरत. मूळचे करावे गावचे,
आता तिसऱ्या मजल्यावर, लेकाच्या फ्लॅटमध्ये.
"तिरपं बघा, काका. सरळ बघितलं की तो जातो."
"म्हाईत हाय," म्हणाले.
"काळोखान खाडीत जाळ्याची काठी अशीच दिसतं.
तिच्याकं बघाचं नाय.
बाजूच्या पान्याकं बघाचं."
डोळा लावला. श्वास धरला.
"हाय."
"नाय."
"हाय."

हा उजेड निघाला त्याला तीन कोटींहून जास्त वर्षं झाली.
तेव्हाही पारसिकचा काळा दगड
थंड होऊन जुना झालेला होता.
तोच फोडून आणलेली खडी
या स्लॅबमध्ये आहे, आमच्या चपलांखाली.
त्यांना हे सांगितलं, तर त्यांनी
पाय जरा बाजूला घेतला,
कोणाच्या तरी पायावर पडला असावा तसा.

मग मी त्या कड्याबद्दल बोलले.
या म्हाताऱ्याभोवती आणि खेटून असलेल्याभोवती
थंड वायूचं एक अफाट कडं आहे.
दुर्बिणीतून दिसत नाही, तिरपं बघूनही नाही.
एक फेरी पुरी व्हायला चारशे कोटी वर्षं.
तारे घडवायचं सामान, पण पडून.

काका बराच वेळ गप्प.
खाली गेटवर कोणी हॉर्न वाजवत होतं,
उलव्याच्या बाजूला एक विमान उतरत होतं.
"मंग त्याचं खाजण हाय ते," म्हणाले.
"जमीन पन नाय, पानी पन नाय.
आमचं इथंच होतं, या बिल्डिंगीखाली.
भरतीला निवट्या उड्या मारत."
आणि मग, हळूच:
"तिथं कोनी बांधलं नाय अजून?"

जवळजवळ नाही, मी म्हटलं.
एखाद-दुसरी ठिणगी, म्हणतात.
पूर्ण खरं सांगायचं ठरवलं होतं, म्हणून तेही सांगितलं.

लेकाचा फोन दोनदा वाजून थांबला.
मी प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.
पृथ्वी फिरत होती, डाग नळीच्या कडेला सरकत होता,
मी शिकवायला पुढे झाले,
तोवर त्यांनी दोन बोटं टेकवून
नळी पश्चिमेकडे ढकलली होती,
चिखलातून होडी सोडवावी
इतकीच.