दोन बोटं माया

बुधवारी दुकान बंद असतं.
बिलबुकाच्या पाठकोऱ्या पावत्या पर्समध्ये कोंबून
मी दांडियाबाजारातून चालत निघते
आणि बागेतल्या संग्रहालयात
तिच्यासमोर उभी राहते.

'बसलेली स्त्री. तैलरंग. काळ अंदाजे.'
पाटीवर एवढंच.
खालच्या कोपऱ्यात चित्रकाराची तांबडी सही,
वळणदार, घाईची,
पैसे मिळाल्यावर केल्यासारखी.

इरावती गुप्तेला हिचंच पोलकं हवंय.
फोनमधला फोटो पुढं धरून म्हणाली, सेम टू सेम,
अॅडव्हान्स ठेवून गेली,
तेव्हापासून मी मोजतेय:
बाहीच्या तोंडाशी चुण्या अकरा
(बारावी सावलीत असेल किंवा नसेल),
गळ्याला बोटभर काळी लेस,
कापड बहुतेक मश्रू,
बाहेर रेशीम, आत सूत.
पण आतलं चित्रात कुठून दिसायचं.

आणि पाठ?
चित्राला पाठ नसते.
हुक होते की बंद,
ती उठून आत जाताना कशी दिसायची,
कुणाला विचारू?
कॅनव्हासमागं भिंत. भिंतीमागं पाण्याची टाकी.

जरा पुढं वाकले की
सोमाभाई स्टुलावरूनच म्हणतात, बेन, अडशो नहीं.
हात नाही हो लावत, सोमाभाई.
पण आमच्या भाषेत म्हणाल तर
अडलंय खरं.

चार बुधवार अडलं होतं.
पाचव्या बुधवारी दिसली
उजव्या काखेतून छातीकडं आलेली
एक तिरकी घडी.
सावली नव्हे. ताण.

हे मला कुणी शिकवायला नको.
अशा घड्या मी स्वतः पाडल्यात,
गिऱ्हाइकांची बोलणी खाल्लीत,
याकूबचाचांची लाकडी पट्टी खाल्लीय बोटांवर:
कपडा बचाया? अब इसका दम घुटेगा.
मुंढा अरुंद कापला होता तिचा.
शिवणीत माया ठेवलीच नव्हती.
मग बाळंतपण आलं असेल
किंवा नुसतेच सुखाचे दिवस,
आणि उसवून सोडायला आत काहीच नव्हतं.

कॉलेजची पोरं येतात, त्यांच्या बाई सांगतात,
पाहा, मांडीवर टेकलेले हात, काय ती शालीनता.
शालीनता कसली, बाई.
तिला हात वर करता येत नव्हता.

चित्रकारानं दिसलं तसं रंगवलं,
सुरकुतीसकट. उपकार त्याचे.
म्हणून तर पाटीवर नसलेला तिसरा माणूस
मला सापडला,
कंदिलाशी डोळे नेऊन
मोजकं कापड पुरवून पुरवून कातरणारा.
सही त्याचीही आहे.
काखेत आहे.

परवा रात्री शिवून झालं.
अकरा चुण्या. काळी लेस.
पाठीला कापडाच्याच बंदांच्या सहा गाठी,
त्या माझ्या मनच्या, खोटं कशाला बोलू.
आणि काखेत एक चौकोनी कळी,
काडेपेटीएवढी, हातशिलाईची,
आत दोन बोटं माया.

इरावतीनं घातलं. आरशाकडं पाठ करून
मान वळवून पाहिलं.
चित्रात असंच आहे का हो मागून?
तोंडात टाचण्या होत्या, म्हणून वाचले.

मग ती जिना उतरली.
स्कूटर गॅरेजला, रस्त्यावर ही गर्दी.
तिनं हात वर केला,
पूर्ण, कानाच्याही वर,
ए रिक्षा! मांडवी!

मी वरून तिच्या काखेकडं बघत होते.
एक टाका हलला नाही.