दारामागच्या तारखा

टाकी लावली का तारीख लिहून ठेवते
दारामागं, कोळशानं.
पावती रेशनकार्डाच्या पिशवीत.
सबसिडी आली का नाही
ते बँकेतली पोरगी सांगते, विचारलं तरच.

एजन्सीची गाडी मानोऱ्याहून येते,
ग्रामपंचायतीपुढं हॉर्न वाजवते.
एकदा मीच म्हटलं, काटा काढ बापा.
टाकीच्या कड्यावर पंधरा किलो नऊशे,
आत चौदा-दोनशे गॅस,
म्हणजे तीस-शंभर भरली पाहिजे.
भरली एकोणतीस.
निळकंठनं डोकं खाजवलं, टाकी बदलून देली.
तवापासून मले पाहून तो आधी काटाच उतरवते.

डाळ भिजवल्याबिगर शिजवत नाही.
आंघोळीचं पाणी चुलीवर,
पऱ्हाट्या काय कमी आहेत घरी?
ओल्या फडक्यानं टाकी पुसली
का गॅस आहे तिथवरची ओल उशिरा वाळते.

परवा निळकंठ म्हणे,
"काकू, गावात तुमचीच टाकी जास्त पुरते.
बायांना शिकवा जरा."

रात्री दार लोटून, बॅटरी धरून मोजलं.
एकतीस दिवस. तेहतीस.
मंदाकिनीच्या लग्नात अठरा.
ती गेल्यावर सत्तेचाळीस.
प्रफुल पुण्याले कंपनीत लागला, एकोणसत्तर.
यंदा एकशे चार.
डॉक्टरनं यांचा चहाही बंद केला.

सकाळी आच मोठी केली,
पातोडीचा रस्सा टाकला
चौघांचा.
गाडी आली तसा डबा निळकंठच्या हाती देला.
"काहून काकू?"
म्हटलं, खा गुमान.
आणि काटा उतरव.