मध्यापासून जरा बाजूला

एकतीस वर्षं मी झडपा केल्या.
ब्रेकच्या, पंपाच्या, फवारणीच्या डब्यांच्या.
भोसरीत, टी ब्लॉकमधल्या सहाव्या शेडमध्ये
गेलेलं परत येऊ नये
एवढाच माझा धंदा.

तर इरावती नगरकर नावाची मुलगी
स्कूटरच्या डिकीतून सिलिकॉनची नळी काढते
आणि म्हणते, काका, पंप करायचाय.
झडप नको.

मी हसलो.
दाबली नळी की पाणी दोन्हीकडे पळणार,
सोडली की दोन्हीकडून परतणार,
हिशेब शून्य.
आमचा शिकाऊ सोमनाथही सांगेल.

ती म्हणाली, काही लेकरं
अर्ध्याच हृदयाची जन्मतात.
डॉक्टर शिरा वळवून थेट फुप्फुसाला जोडतात,
मग रक्ताला मागून रेटणारं कुणी उरत नाही.
कात्रजहून जुन्या नळातनं शहरात यायचं ना पाणी,
तसं ते आपलं आपण चालतं.

पण कात्रजला उतार होता, मी म्हणालो.
हो ना, ती म्हणाली.
उभ्या पोरीच्या पायापासून छातीपर्यंत
सगळा चढच.

आणि झडप बसवली
तर रक्त तिच्या कडेला अडतं, गुठळी धरतं.
शिवाय पोरं वाढतात, काका.
झडप वाढत नाही.

कागदावर आकडे होते. वय पाच. व्यास चौदा मिलिमीटर.
कुणाचा हा?
कुणाचाच नाही. सरासरी आहे.

सरासरी.
पोरीचं नाव असावं तसं वाटलं.
रात्री व्हर्नियर चौदावर लावून
मी त्या फटीत करंगळी घालून पाहिली.
बसली.

मग वायपरची जुनी मोटर, एक दांडी,
दोन्ही टोकांना कडक नळ्या, मध्ये ती मऊ.
पाण्यात ग्लिसरीन, रक्ताइतकं जड होईतो.
वाहतंय का ते दिसावं म्हणून
सोमनाथने त्यात सब्जाचं बी टाकलं.

बरोब्बर मधोमध दाबली.
बिया जागच्या जागी थरथरल्या.
बघ, मी म्हणालो,
आणि जिंकल्याचं काही बरं वाटलं नाही.

सरकवा, ती म्हणाली. मध्यापासून जरा बाजूला.

माझं आयुष्य केंद्र काढण्यात गेलं.
लेथवर केसभर हललं तरी जॉब भंगारात.
हात नको म्हणत होता.
सरकवला.

बिया निघाल्या.
आधी एक, मग चार, मग सगळ्या एका दिशेला,
कुणी दार न लावता, कुणी न अडवता.
लाट एका टोकाला लवकर आपटते, दुसऱ्याला उशिरा,
त्या उशिरातून वाट निघते, असं काहीसं तिने सांगितलं.
मोटरचा वेग वाढवला तर बिया उलट्या फिरल्या.
सोमनाथ ओरडलाच.
ती वहीत लिहीत होती.

आईच्या पोटात पहिलं हृदय असंच असतं म्हणे,
नुसती नळी.
झडपा नंतर येतात.
म्हणजे एकतीस वर्षं मी जे केलं
ते सगळं नंतरचं.

अजून काही झालेलं नाही.
कुणाच्या छातीत हे गेलेलं नाही,
बरीच वर्षं जाणारही नाही.
नळी शंभर तासांत फाटते, इरावती म्हणते.
दुसरी आण, मी म्हणतो.

गुरुवारी आमच्याकडे वीज नसते.
शेड बंद, सोमनाथ गावी.
मी कुलूप काढून आत जातो.
अंगठा आणि तर्जनी,
मध्यापासून अडीच बोटं डावीकडे,
दाब, सोड, दाब, सोड,
पाच वर्षांच्या पोरीची नाडी चालते त्या चालीने.

हात भरून येतो.
थांबलो की बियाही थांबतात.
मी हात बदलतो.