चुन्याची रेघ

आमच्या नदीत पाच देश आहेत.
दिवाडी, चोडण, जुवे, कुंभारजुवे
आणि नकाशावर नखाखाली झाकेल
एवढा वांशी.
सरकार त्यांना बेटं म्हणतं.
पण फेब्रुवारीत भाताची धसकटं वाळली,
मळारच्या शेतात पोफळीचे खांब रोवले
की त्यांना सरहद्दी फुटतात.
व्हिसा म्हणजे फेरीबोटीच्या रॅम्पवर
दोन पावलांची जागा.

जुव्याचे खेळाडू भेंडीच्या टोपल्या घेऊन येत.
हरले तरी रिकाम्या टोपल्या
वाजवत परत जात.
कुंभारजुवेकर तीन चेंडू जादा आणत,
त्यांच्याकडे कालव्यात गेलेला चेंडू
मगरीचा.
वांशीला अकरा माणसं कधीच जमली नाहीत.
त्या वर्षी त्यांच्या डाव्या बगलेला होता
इगर्जीत व्हायोलिन वाजवणारा मेस्त रोमाल्दो,
वय बावन्न,
चष्मा दोरीने मानेमागे बांधलेला.

आणि मी लाइन्समन.
एरवी फेरीवरचा खलाशी.
हातात तोच लाल फडका
जो मी धक्क्याला दाखवतो:
थांबा, अजून लागली नाही.

फायनल. दिवाडी आणि वांशी.
(हो, वांशी. चोडणकर अजून म्हणतात,
त्यांच्या गोलीला त्या दिवशी ताप होता.)
मी दिवाडीचा. हे आधीच सांगून ठेवतो.

झेफेरिनने मानशीची फळी पाडायला हवी होती.
भरती चारला. सगळ्या गावाला ठाऊक.
पण झेफेरिन आमच्या गोलामागे
खाजे चघळत उभा,
भाच्याला शिव्या देत, मग देवाला,
मग परत भाच्याला.
पाणी कुणाला न विचारता आलं.
बांधाखालून, खेकड्यांच्या बिळांतून,
ढेकळांना बुडबुडे आणत
माझ्या चपलांपर्यंत.
मी खाली पाहिलं.
सकाळी दोरी ताणून मारलेली चुन्याची रेघ
दुधासारखी पसरत चालली होती.
शेवटच्या वीस पावलांत
ती नव्हतीच.

आणि नेमका तिथेच
रोमाल्दो चेंडू घेऊन धावत आला.
धावत म्हणजे, चिखल उपसत.
त्याचा श्वास मला ऐकू येत होता,
फुटक्या पेटीच्या भात्यासारखा.
एक पाय पाण्यात, एक शेतात,
चेंडू दोन्हींच्या मध्ये,
आणि त्याने तो उचलून दिला असा
की इनासला फक्त कपाळ पुढे करायचं होतं.

जाळं हाललं.
वांशीची सगळी माणसं, म्हणजे साठेक,
आत घुसली.
रेफरीने माझ्याकडे पाहिलं.

नदीवर सत्तावीस वर्षं काढली मी.
किनारा कुठे संपतो
हे रोज दोनदा बदलताना पाहिलंय.
भरतीला एक, ओहोटीला दुसरा,
आणि दोन्ही खरे.
तरी हात वर गेला.
फडका ओला होता, फडफडलासुद्धा नाही,
नुसता लोंबत राहिला.

दिवाडी जिंकली, पेनल्टीवर.
चषक पंचायतीच्या कपाटात आहे,
त्यात आता कपाटाचीच किल्ली ठेवतात.
झेफेरिनला त्या रात्री कुणी काही बोललं नाही.
शेत मात्र पुढल्या हंगामात
खाऱ्याने पांढरं पडलं,
चुना मारल्यासारखं,
नको तिथे, सगळीकडे.

दर गुरुवारी रोमाल्दो माझ्या फेरीने येतो,
दिवाडीच्या पोरांना व्हायोलिन शिकवायला.
पेटी मांडीवर उभी धरतो
लहान मुलाला धरावं तशी.
इतक्या वर्षांत एकदाच म्हणाला,
पाण्याकडे बघत:
"सोयरू, माझा उजवा पाय कोरडा होता."

मी दोर सोडला.
इंजिनाचा आवाज फार होता त्या दिवशी.
रॅम्प वर घेताना मला दिसलं,
धक्क्याच्या खालच्या तीन पायऱ्या
पाण्यात गेल्या होत्या,
चौथी
अर्धी.