एका विडीएवढं ऊन

जुफेरच्या हॉटेलात मी स्टोअर सांभाळतो.
घोटभरही घेत नाही,
तरी तक्रार आली की पहिलं नाक माझं.

परवा रोडेल बारमधून खाली आला,
हिरवी बाटली पुढे केली : "मिस्टर जागू, हे काय?"
(जागुष्टे त्याच्या तोंडात मावत नाही.)
हुंगली.
देवरुखला आमच्या माळ्यावर उदमांजर व्यालं होतं,
तोच वास.
समुद्र ओलांडून माझ्या मागावर आलेला.

रजिस्टर उघडलं.
मंगळवार. ट्रक साडेअकराला. लिफ्ट बंद.
पंचवीस उघडे क्रेट धक्क्यावर.
किती वेळ?
येल्लय्या म्हणाला, एक विडी.

एक विडी पुरते.
उन्हाला काचेत शिरायला दार लागत नाही.
आत हॉपच्या फुलांचा कडूपणा
गार, गप्प पडलेला असतो,
त्याला ऊन डिवचतं
आणि तो घाण करून ठेवतो सगळी.

तपकिरी बाटल्यांना काही झालं नव्हतं.
हिरव्या गेल्या.
दिसायला खाडीच्या पाण्यासारख्या,
आणि खाडीसारख्याच, येईल त्याला आत घेणाऱ्या.
पांढऱ्या काचेच्या तर त्यांच्याही आधी.
रोडेल म्हणतो, तिच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं.
असेल.
मला दिसलं ते एवढंच, की आडोसा नव्हता.

मग साहेबांचा नियम आला :
बाटली मिनिटभरही उन्हात नको.
जाड काळं कापड आलं, नवंकोरं.
येल्लय्या ते क्रेटवर पसरतो,
चारी कोपरे खोचतो,
झोपलेल्या पोराचं पांघरूण सारखं करावं तसे,
आणि स्वतः बाहेर उभा राहतो
पुढच्या ट्रकची वाट बघत.

त्याच्यासाठी टोपी मागवायची
तर रजिस्टरात तसा रकानाच नाही.
शेवटी 'पॅकिंगचं सामान' खाली लिहिली.
नग एक.
अजून मंजूर व्हायचीय.

आज रिकामी तपकिरी बाटली सहज डोळ्याला लावली.
मनामाची पांढरीफटक दुपार
तिच्यातून दिवेलागणीसारखी दिसली.
भिंती मधाच्या. रस्ता ओला वाटावा असा.
येल्लय्याला दिली.
एक डोळा मिटून तो बराच वेळ बघत राहिला,
क्रेनकडे, मशिदीकडे, माझ्याकडे.

"यात तर सहा वाजलेत," म्हणाला.
"सुट्टी झाली की."

बाटली परत केली.
घड्याळात बारा वीस.